साइडकारच्या स्प्रिंगा आणि आडकूजींचा डोळा

गोंदियाहून परत आल्यावर तीन जणांनी मला विचारलं, की तिकडे पाहण्यासारखं काय आहे. मी त्यांना तलाव सांगितले, नागऱ्याचं शंकराचं जुनं देऊळ सांगितलं, धान कापून झाल्यावर बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, उभे राहणारे पेंढ्यांचे पुंजणे सांगितले. पण तिथल्या बारा-तेरा दिवसांतला माझा बराचसा वेळ एका मोटारसायकलखाली उताणं पडून, कुठला नट आवळायचा आणि कुठला सोडायचा, या विवंचनेत गेला. तिचा उलगडा मला अजूनही पुरता झालेला नाही. तरी घडलं ते क्रमाने लिहितो.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माझा शाळासोबती मधू नागपूरला डोळ्यांचा डॉक्टर आहे. विदर्भ मुंबई राज्यात येऊन वर्ष उलटून गेलं होतं, पण मी स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. डिसेंबरात मधूचं पत्र आलं. गोंदियाच्या एका धर्मशाळेत त्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचं शिबिर मांडलं होतं; नाताळच्या सुट्टीत मी यावं, नवा तांदूळ खावा, थोडी मदत करावी. शेवटी एक ओळ होती: ‘तुला मोटारसायकल येते, त्याचाही उपयोग होईल.’ त्या ओळीकडे मी नीट लक्ष दिलं नाही.

गोंदिया

स्टेशनवर उतरलो आणि क्षणभर वाटलं, महाराष्ट्र मागेच राहिला. हमाल हिंदीत बोलत होते, टांगेवाला हिंदीत बोलत होता, मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत येत होतं. दुकानांच्या पाट्या हिंदी, हवेत भाताच्या गिरण्यांचा कोंडा, आणि जिथे बघावं तिथे विड्या वळायच्या तेंदूपानांचे गठ्ठे. सकाळच्या न्याहारीला मुर्रा आणि आलूबोंडा मिळाला. मुर्रा म्हणजे आपल्याकडचे चुरमुरेच, पण टपोरे.

मधूने धर्मशाळेच्या अंगणात नेऊन मला ते वाहन दाखवलं. युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेली इंग्रजी बनावटीची जुनी मोटारसायकल, आणि तिच्या डाव्या बाजूला जोडलेली साइडकार. पुढच्या चाकावर एक जाडजूड स्प्रिंग उभी होती. तिच्या शेजारी एक काळी गोल मूठ. ती आवळली की स्प्रिंगची हालचाल जड व्हायची, सोडली की मोकळी. साइडकार खालून लोखंडी पाट्यांवर टेकली होती, टांग्याला असतात तशा. मागच्या चाकाला स्प्रिंग नव्हतीच. बसायची जागा तेवढी स्प्रिंगची होती.

“औषधं आणायला, खेड्यात पेशंट बघायला लागते,” मधू म्हणाला. “मला ती सांभाळता येत नाही. तू चालवून बघ.”

मी दहा वर्षं मोटारसायकल चालवतो आहे. त्या आत्मविश्वासाने मी ती नागऱ्याच्या रस्त्याला घेतली. पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं, की साइडकार जोडली की मोटारसायकल ही मोटारसायकल राहत नाही. वळताना तिरकं व्हायची सवय अंगात मुरलेली. ही तिरकी होतच नव्हती. वेग वाढवला की डावीकडे ओढायची, ब्रेक लावला की उजवीकडे. वर हँडल असं थरथरायचं, की समोरचा रस्ता मला दुहेरी दिसायचा. पुढे एक बैलबंडी होती. तिला ओलांडायला मी वेग वाढवला आणि सरळ डावीकडच्या बांधीत जाऊन थांबलो. धान कापून झालेलं होतं, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. खुंटांमधून लाखोरीची हिरवी रोपं वर आलेली होती, त्यांत मी गुडघ्यांवर पडलो.

बंडीवाल्याने बैल थांबवले. खाली उतरून त्याने मला उठवलं, गाडी ढकलायला हात लावला, आणि मग शांतपणे विचारलं, “इकडं कायले आले होते?”

आपल्याकडे कुणी असा प्रश्न विचारला असता तर मला तो टोमणा वाटला असता. त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी देवळाचं नाव सांगितलं. “देऊर त तिकडं आहे,” त्याने हात दाखवला. देवळात मी चालत गेलो. गाभाऱ्यात गारवा होता.

संध्याकाळी मधूने मला एका भातगिरणीच्या इंजिनावर काम करणाऱ्या कन्हैयालाल मिस्त्रींकडे नेलं. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी साइडकार एका हाताने हलवून पाहिली.

“साहब, सब ढीला पड़ गया है,” ते म्हणाले. “कसना पड़ेगा.”

त्यांनी पुढची काळी मूठ जाईल तितकी आवळली. साइडकारचे पाटे ज्या पट्ट्यांनी बांधलेले असतात त्याही आवळल्या. मग मला म्हणाले, “अब चलाइए.” मी चालवून आलो. हँडलचं थरथरणं गेलं होतं. ओढणंही कमी वाटलं. मी इतका खूश झालो, की पुढच्या चाकातून दर खड्ड्याला खांद्यापर्यंत दणका बसतो आहे, याकडे दुर्लक्ष केलं. मिस्त्रींना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि इंजिनाकडे परत गेले.

धर्मशाळेचं अंगण

मोतीबिंदू काढलेल्या माणसाला आठ-दहा दिवस हलू द्यायचं नसतं. डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, वाकायचं नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर तशी माणसं ओळीने निजलेली होती. शेवटच्या खाटेवर आडकूजी होते. सत्तरीच्या जवळचे, अंगाने वाळलेले. बोदलकशाच्या तलावाकाठी त्यांची धानाची शेती होती आणि जन्मभर त्यांनी त्या तलावात डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, मासे धरले होते. एक डोळा तरुणपणीच गेलेला. धान कापताना काडी घुसली होती. राहिलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया शिबिरातली सर्वांत शेवटची होती.

त्यांच्याबरोबर त्यांची सून होती, सुगरता. तिशीतली, उंच, खणखणीत आवाजाची. ती बोलताना “मी जातो”, “मी येतो” म्हणे. तिकडे बायकाही असंच बोलतात. पहिले दोन दिवस माझे कान दचकत, मग सवय झाली.

घोटाळा असा झाला, की धर्मशाळा ठरल्या दिवशी रिकामी करून द्यायची होती. तिथे एका लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. बाकीच्यांचे दिवस भरले होते, आडकूजींचे जेमतेम पाच झाले होते. मधू म्हणाला, मी त्यांना नागपूरला घेऊन जातो. आडकूजी पडल्या पडल्या म्हणाले, “नागपूरले नाही जात. घरी पडून राहीन.” मधूने पुष्कळ समजावलं. सुगरतानेही समजावलं. म्हातारा दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात बोलला.

शेवटी मधूने मला बाजूला घेतलं. “तिरोड्यापर्यंत आगगाडीने निजवून नेता येईल. पुढे बारा मैल कच्चा रस्ता आहे. बैलगाडीत त्याचा डोळा टिकेल की नाही, मला सांगता येत नाही. जखम अजून कच्ची आहे. एक मोठा धक्का बसला तर आतलं सगळं बाहेर येईल आणि मग काही करता येणार नाही. तुझ्या साइडकारला स्प्रिंगा आहेत.”

“माझ्या नाहीत,” मी म्हणालो. पण तोवर त्या माझ्या झालेल्या होत्या.

दोन दिवस होते. मी प्रयोगशाळेतला माणूस. मोजल्याशिवाय मला काही सुचत नाही. एक पितळी लोटा काठोकाठ भरून साइडकारच्या बैठकीवर ठेवला आणि अंगणाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर शंभर पावलं जाऊन आलो. लोटा अर्धा रिकामा झाला. पाट्यांच्या पट्ट्या थोड्या सोडल्या. पाणी जास्तच सांडलं. पुन्हा आवळल्या; तरी सांडलं. पुढची मूठ निम्मी सोडली. पाणी जरा वाचलं, पण हँडल पुन्हा थरथरायला लागलं. चाकातली हवा कमी केली, तेव्हा गाडी डावीकडे इतकी ओढायला लागली, की मी धर्मशाळेच्या भिंतीला घासून आलो. दुपारपर्यंत माझ्या वहीत अठरा ओळी झाल्या होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता.

सुगरता दाराशी उभी राहून बघत होती. ती पुढे आली.

“पान्याले काय समजते भाऊ?” ती म्हणाली. “मी बसतो.”

ती बसली, लोटा मांडीवर धरून. मी तोच रस्ता, तोच वेग धरला. परत आलो तेव्हा पाणी बरंचसं शिल्लक होतं.

“तुम्ही हाताने सांभाळलंत,” मी म्हणालो.

“नाही. हात मी लावलोच नाही. मांडीवर होता.” मग तिने विचार करून सांगितलं, “लहान खड्डे समजले नाही. मोठ्या खड्ड्यात कंबरेले लागलं. अन् तुमची गाडी इकडून तिकडं डोलते, त्यानं पोटात कसंतरी होते.”

हे माझ्या वहीतल्या अठरा ओळींपेक्षा जास्त होतं. मी तिला पुन्हा बसवलं. पट्ट्या सोडून, आवळून, मूठ फिरवून. प्रत्येक वेळी ती उतरून सांगे: आता पाठीत लागलं, आता नाही लागलं, आता मान हालली. मान हलली म्हटलं की मी घाबरायचो. ओसरीवरून आडकूजी हे सगळं ऐकत होते. डोळे बांधलेल्या माणसाला दुसरा काही उद्योग नव्हता. मध्येच ते विचारत, “आता आवरला का सोडला?” मी सांगे. ते “हं” म्हणत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या एवढंच हाती लागलं: मूठ पूर्ण सोडली आणि पट्ट्या ढिल्या केल्या, तर साइडकारमधल्या माणसाला धक्के कमी बसतात, पण हँडल माझ्या हातात नाचतं. सगळं आवळलं, तर गाडी माझ्या ताब्यात राहते आणि धक्के त्याच्या डोक्यात जातात. दोन्ही एकाच वेळी होईल अशी जागा त्या मुठीत मला सापडली नाही. कन्हैयालाल मिस्त्रींना जाऊन विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहब, मैंने चलानेवाले के लिए कसा था. बैठनेवाले का आपने बताया नहीं.”

तिरोडा

मधूला शिबिराची आवराआवर होती, तो आडकूजींना तिरोड्यापर्यंत पोचवून उलट्या गाडीने परत जाणार होता. मी पहाटे निघून रस्त्याने तिरोड्याला पोचलो. स्टेशनाबाहेर एक बैलबंडी उभी होती, तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने, गच्च भरलेली. शेजारी एक धिप्पाड माणूस. तो आडकूजींचा मुलगा, दसरू. युद्धात तो आसामकडे लष्करी ट्रक चालवत होता, आता शेती करत होता.

पॅसेंजर आली. मधूने आणि दसरूने आडकूजींना बाकासकट म्हणावं तसं अलगद उतरवलं. मग फलाटावरच वाद सुरू झाला.

“बंडीत तनीस टाकून आनलो,” दसरू म्हणाला. “बैल हरूहरू चालवतो. ह्या फटफटीचा काय भरोसा?”

“बंडीले स्प्रिंग कुठी आहे?” सुगरता म्हणाली. “मी दोन दिवस बसून पाहिलो. मले मालूम आहे.”

“तू बसली तवा बरोबर. तुझं वजन किती, बाबाचं वजन किती?”

मी दसरूकडे पाहतच राहिलो. तो फलाटाच्या कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या साइडकारपाशी गेला, तिच्या काठावर दोन्ही हात टेकून त्याने अंगाचा भार दिला. मग हात काढले. “हे लष्कराची आहे. ह्याच्यात पूरा सामान घेऊन शिपाई बसे. बाबा बसला त गाडीले समजनारबी नाही कोनी बसलं म्हनून. खाली ट्रक उडते, भरला ट्रक नाही उडत.”

दर वर्षी जूनमध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मी एक प्रयोग करून घेतो. स्प्रिंगला वजन अडकवायचं, ओढून सोडायचं, झोके मोजायचे. वजन वाढवलं की झोका संथ होतो. बारा वर्षं मी मुलांच्या वह्यांवर सही करतो आहे. लोटा का सांडला आणि सुगरताच्या मांडीवर का सांडला नाही, हे त्या प्रयोगातलंच होतं, आणि मला ते तिरोड्याच्या फलाटाबाहेर एका ट्रक चालवलेल्या शेतकऱ्याने सांगितलं. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. कारण वजन वाढवलं तर डावीकडची ओढही वाढणार होती.

“मग कशातून न्यायचं?” मधूने विचारलं. त्याची परतीची गाडी शिटी देत होती.

दसरू माझ्याकडे बघत होता, मी मधूकडे.

“मले विचारा ना,” आडकूजी म्हणाले. ते फलाटाच्या बाकावर ताठ बसलेले होते, पट्टी बांधलेलं तोंड आमच्या उलट्या बाजूला. “बंडीत बसून बसून जलम गेला. बंडी कशी हालवते, मले मालूम आहे. ह्या फटफटीत बसतो.”

दसरूने अर्धी भरलेली दोन धानाची पोती कुणाकडून तरी आणली. एक पायांखाली आडवं घातलं, एक पाठीमागे. वर तणस अंथरलं, त्यावर घोंगडं. मी मूठ पार सोडली. पट्ट्याही सोडल्या. सुगरता माझ्या मागच्या बैठकीवर बसली, एक हात सासऱ्याच्या खांद्यावर ठेवून. तिरोड्याच्या बाजारातली माणसं हातातलं काम थांबवून बघत राहिली. दसरू रिकामी बंडी घेऊन मागून येणार होता.

बोदलकशाची वाट

त्या बारा मैलांचं वर्णन मला करता येत नाही, कारण मी रस्त्याच्या दोन हात पुढचंच तेवढं पाहिलं. मुरमाचा रस्ता, बंड्यांच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, पुढे झाडी दाट होत गेलेली. हँडल हातांत सतत नाचत होतं. मनगटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. गाडी डावीकडे जायला बघायची, मी तिला उजवीकडे रेटत राहायचो. आणि शेजारी, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, आडकूजी त्या घोंगड्यात बसून संथपणे खालीवर होत होते. सुगरता मध्ये मध्ये सांगे, “मान नाही हालत.”

पाचेक मैल गेल्यावर एक कोरडा नाला लागला. गोटेच गोटे. हँडल इतकं हिसकायला लागलं, की आता ते सुटणार असं वाटून मी डावा हात काढला आणि मूठ आवळायला खाली नेला. तेवढ्यात गाडी डावीकडे वळली. साइडकारचं चाक काठावर चढलं. मी ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे फिरली आणि वाळूत रुतून बंद पडली.

सुगरता आधीच खाली उतरली होती. तिने दोन्ही हातांत सासऱ्याचं डोकं धरलं होतं. तिने वाकून पट्टी पाहिली, बोट लावून पाहिली. मी उतरलो.

“ओली नाही,” ती म्हणाली.

“दुखतंय का?” मी विचारलं.

आडकूजी म्हणाले, “हात कायले काढला गा? आवराले गेला होता?”

मी हो म्हणालो.

“नको आवरू. मले बरोबर आहे.” मग ते म्हणाले, “डोंग्यावर बांबू आवरून धरला त डोंगा डोलते. ढिला धर.”

“ढिला नका धरू भाऊ,” सुगरता म्हणाली. “ढिला धरलं म्हनूनच त गेली. घट धरा.”

आम्ही दोघांनी गाडी वाळूतून ढकलली. आडकूजी आत बसूनच होते. पुढचे सात मैल मी कुणाचं ऐकलं, हे मला सांगता येत नाही. एका फर्लांगात घट्ट धरलं, पुढच्यात ढिलं. कधी वाटे, ढिलं धरल्यावर गाडी आपली आपण सरळ जाते. तसं वाटायला लागलं की ती नेमकी चाकोरीत शिरायची. मुठीला मात्र मी पुन्हा हात लावला नाही. झाडीतून बाहेर आल्यावर एकदम पाणी दिसलं, पलीकडे टेकड्या. आडकूजींनी नाक वर केलं आणि म्हणाले, “आला तलाव.” मी गाडी थांबवली तेव्हा माझी बोटं हँडलवरून सुगरताने सोडवली.

बोदलकसा

पाच दिवस मी त्यांच्याकडे राहिलो. मधू पट्टी सोडायला येईपर्यंत मला जावंसं वाटेना. घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं, अंगणात धानाची रास. दोन्ही वेळा भात. सकाळी लाखोरीची डाळ, संध्याकाळी तलावातले मासे किंवा सुकवलेले झिंगे. पोळी नाही म्हणून मला पहिल्या दिवशी अर्धपोटी वाटलं. तिसऱ्या दिवशी पोळीची आठवणही राहिली नाही. सुगरता वाढताना “घ्या ना” असं एकदाच म्हणे. आपल्यासारखा आग्रह नाही. नको म्हटलं की ती खरंच थांबायची, आणि मी दोनदा संकोचाने उपाशी उठलो.

त्या पाच दिवसांत मी झोपलो की नाल्यातला तो गचका परत यायचा. आडकूजी शांत पडून असत. त्यांना विचारलं, आत काही वेगळं वाटतं का, तर म्हणत, “पट्टी सोडल्यावर समजते.” दसरू मला धीर द्यायला म्हणाला, “बंडीत आनला असता तरी गचका बसलाच असता.” हे धीर देणारं होतं की उलट, ते मला ठरवता आलं नाही.

मधू आला तो दसरूच्या बंडीतून, सकाळी. त्याने हात धुतले, आडकूजींना ओसरीवर बसवलं, पाठ उजेडाकडे करून. पट्टी सोडली. मी अंगणात उभा होतो; पुढे गेलो नाही. मधूने बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग एक जुनी चष्म्याची चौकट काढली, एकाच बाजूला जाड भिंग बसवलेली, आणि ती आडकूजींच्या नाकावर ठेवली.

आडकूजी समोर बघत राहिले. सुगरता समोरच बसली होती.

“तू जाडी झाली,” ते तिला म्हणाले.

ती पदर तोंडाला लावून उठून आत गेली. दसरूने धानाच्या राशीकडे तोंड फिरवलं.

मधू माझ्याजवळ आला. जखम नीट भरली होती. मी त्याला विचारलं, की हे स्प्रिंगांमुळे झालं का. तो म्हणाला, “काय माहीत. एक जण चौथ्या दिवशी कुणाला न सांगता बैलगाडीतून पंधरा मैल गेला, त्याचाही डोळा चांगला आहे. आणि एक जण खाटेवरून हललाही नाही, त्याचा गेला.” मग माझ्या मनगटांकडे पाहून त्याने विचारलं, हे काय झालं. ती अजून सुजलेली होती.

म्हणजे पोती, पाटे, मूठ, लोटा, यांतल्या कशाचा काय उपयोग झाला, किंवा काहीच झाला नाही, हे मला कधीच कळणार नाही. हे लिहितानाही मी दोनदा थांबलो, कारण काय केल्याने काय झालं असं लिहावं, हे सुचेना.

दुपारी आडकूजींना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायचं होतं. चालत नको, असं मधू म्हणाला. हळू नेणार असशील तर गाडीतून ने. मी गाडी अंगणात आणली. आडकूजींनी ती पहिल्यांदाच पाहिली. ते तिच्याभोवती फिरले. वाकायचं नाही म्हणून ताठ उभे राहून, एका भिंगातून, त्यांनी गंजलेलं नळकांडं पाहिलं, साइडकारचा फाटलेला पत्रा पाहिला, चाकाच्या वाकलेल्या तारा पाहिल्या.

“ह्याच्यात बसून आलो मी?”

“हो,” मी म्हणालो.

मग ते दसरूच्या खांद्याला धरून आत बसले, पाठ टेकली, आणि दोन्ही हातांनी साइडकारचा काठ पकडला. मी नेहमीप्रमाणे मूठ सोडलेली आहे ना, ते बघायला खाली वाकलो.

“आता आवरून घे गा,” आडकूजी म्हणाले. “आता मले खड्डा दिसते. मी धरून बसतो.”